मासे दाणा थुंकतात, खायला वर येत नाहीत: टाकीत काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

गोव्यात जून लागला की ही तक्रार सुरू होते आणि गणेश चवथीनंतर पुन्हा डोकं वर काढते. कालपर्यंत काचेजवळ माणूस दिसला की वर धावणारे मासे आज दाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, किंवा तोंडात घेऊन बाहेर टाकतात. मग लोक थेट औषधाच्या बाटलीकडे वळतात. निळं-पिवळं काहीतरी टाकीत ओतलं जातं, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि मूळ दुखणं तसंच राहून त्यात दुसऱ्याची भर पडते. बहुतेक वेळा दोष माशात नसतोच. तो खाद्याच्या डब्यात, खाद्य टाकणाऱ्याच्या हातात किंवा पाण्यात असतो. याच क्रमाने शोधत गेलात तर पहिल्या दोन पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

औषध नाही, पाणी बदलणं नाही, फक्त दहा मिनिटं टाकीसमोर बसा. खाद्य टाकताना पाच आणि टाकल्यावर पाच.

दाणा तोंडात घेऊन बाहेर टाकणं, पुन्हा उचलणं, पुन्हा टाकणं आणि शेवटी गिळणं हे गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांचं नेहमीचं चावणं आहे. गोल्डफिशचे दात जबड्यात नसून घशात असतात, त्यामुळे तो दाणा आतबाहेर करूनच मऊ करतो. त्याची काळजी नको. पण दाणा थुंकून मासा पाठ फिरवून निघून गेला तर खाद्य तरी बिघडलंय, दाणा मोठा तरी आहे, किंवा मासा आजारी तरी आहे.

एकच मासा खात नाही की सगळे? सगळ्यांनी एकदम तोंड फिरवलं असेल तर खाद्य किंवा पाणी. एकच बाजूला असेल तर दादागिरी, पिल्लांची वेळ किंवा रोग. ही एक गोष्ट ठरली की खालची अर्धी यादी गळते.

पोट आणि विष्ठा बघा. निरोगी विष्ठा खाद्याच्या रंगाची, आखूड असते आणि लवकर तुटून खाली पडते. पांढरी, पारदर्शक, दोऱ्यासारखी लांब लोंबत असेल तर आतडं रिकामं आहे किंवा आत परजीवी आहेत. पोट फुगलंय पण खवले अंगाला चिकटलेले आहेत, ही एक गोष्ट. पोट फुगलंय आणि वरून पाहिलं तर खवले अननसाच्या सालीसारखे उभे आहेत, ही अगदी वेगळी गोष्ट. दुसऱ्या प्रकारात पुढचं काहीही न करता थेट शेवटच्या भागाकडे जा.

कल्ल्यांची हालचाल भराभर आणि मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून असतील तर खाद्याचा विचारच सोडा. एअर पंप जोरात करा आणि पाण्याच्या तपासणीकडे या.

काही उपास निरोगी असतात, तेही इथेच ओळखून घ्या. दुकानातून आणलेला नवा मासा दोन-तीन दिवस खात नाही. पिल्लं घालायला आलेली मोली किंवा गप्पी मादी कोपरा धरते. फुग्यांचं घरटं राखणारा फायटर नर जेमतेम खातो. तोंडात अंडी धरणाऱ्या आफ्रिकन सिक्लिडच्या माद्या तर दोन-तीन आठवडे जवळजवळ काहीच घेत नाहीत, आणि त्यांना जबरदस्तीने आमिष दाखवलं की त्या अंडी गिळून टाकतात.

पहिली तपासणी: डबा

गोव्यात मासे न खाण्याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. माशांच्या खाद्यात फिशमील (सुक्या माशांचं पीठ) आणि माशाचं तेल असतं. त्या तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवा, उष्णता आणि ओल यांनी खवट होतात. पावसाळ्यात इथे हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही. त्यात डबा कुठे ठेवलेला असतो? टाकीच्या झाकणावर, दिव्याच्या शेजारी, म्हणजे खालून वाफ आणि बाजूने ऊब. खाद्य बिघडवायचं ठरवलं तरी याहून चांगली जागा सापडणार नाही.

डबा उघडून तीन गोष्टी करा. वास घ्या: चांगल्या खाद्याला सुक्या जवळ्यासारखा कोरडा मासळी वास येतो, बिघडलेल्याला खवट तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा. फ्लेक (पातळ पापडीसारखं खाद्य) बोटांत धरून मोडा: तो कट्‌कन तुटला पाहिजे, वाकला तर त्याने ओल धरली आहे. मग टाकीचंच पाणी पेल्यात घेऊन दहा दाणे टाका आणि दहा मिनिटं थांबा. दाणे मऊ होऊन फुगले तर ठीक. विरघळून पाणी गढूळ झालं, वर तेलाचा तवंग आला किंवा दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाले, तर ते खाद्य कचऱ्यात.

उन्हात वाळवून पुन्हा वापरू नका. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीच खाद्यात अफ्लाटॉक्सिन तयार झालेलं असू शकतं. हे विष उष्णतेनेही सहज नष्ट होत नाही आणि माशाच्या यकृतावर घाला घालतं. मासा थुंकतोय म्हणजे निदान त्याला चव तरी कळते. भुकेल्या टाकीत मासे तेच खात राहतात आणि महिन्याभराने एकेक करून जातात.

तारखेवरही फार भिस्त ठेवू नका. पाकिटावरची मुदत न उघडलेल्या पाकिटासाठी असते. उघडल्यावर क जीवनसत्त्व सगळ्यांत आधी घटतं. त्याच्या दीर्घ कमतरतेने वाढत्या पिल्लांचा कणा वाकडा होतो, आणि लोक म्हणतात ‘पिल्लं मुळातच लंगडी निघाली’. उघडलेला डबा गोव्यात दोन, फार तर तीन महिन्यांत संपला पाहिजे, म्हणजे घरगुती टाकीला एका वेळी ५० ते १०० ग्रॅमहून मोठं पाकीट नको. पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) सामानासारखं मे महिन्यात किलोभर भरून ठेवणं इथे महागात पडतं. मोठ्या गोणीतून प्लास्टिकच्या पिशवीत भरलेलं सुटं खाद्य तर घेऊच नका. गोणी कधी फोडली हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

साठवण अशी करा. आठवड्यापुरतं खाद्य लहान घट्ट झाकणाच्या बाटलीत काढा आणि सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. बाकीचं मूळ पाकिटासकट हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडायचा नाही. अर्धा तास बाहेर राहू द्या. थंड डबा दमट हवेत उघडला की आतल्या खाद्यावर दव धरतं आणि फ्रीजचा सगळा फायदा तिथेच संपतो. टाकीवर डबा धरून शिंपडू नका, वाफ आत जाते. कोरड्या चमच्याने झाकणात काढा, डबा बंद करा, मग टाका.

फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात रात्री वीज जाते, फ्रीजरमधला बर्फ वितळतो, सकाळपर्यंत पुन्हा गोठतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. नाणं खाली बुडालेलं दिसलं तर खाद्य वितळून गेलेलं आहे, टाकून द्या.

दुसरी तपासणी: हात

खाद्य चांगलं आहे, तरी मासे खात नाहीत? मग त्यांचं पोट भरलेलं असेल. घरात सकाळी आजोबा, दुपारी मुलं आणि रात्री कामावरून आलेले बाबा असे तिघे खायला घालतात आणि कोणाला कोणाचं ठाऊक नसतं. टाकीला पट्टी चिकटवा, ज्याने घातलं त्याने खूण करायची.

प्रमाण वजनात समजून घेतलेलं बरं. मोठ्या माशाला दिवसाला त्याच्या वजनाच्या एक ते दोन टक्के कोरडं खाद्य पुरतं. वीस ग्रॅमच्या गोल्डफिशला ०.२ ते ०.४ ग्रॅम, तेही दोन-तीन वेळांत विभागून, कारण गोल्डफिश, कोई, बार्ब, झेब्रा डॅनियो या कुळाला जठरच नसतं. खाल्लेलं साठवायला जागा नाही. एकदम जास्त घातलं तर अर्धवट पचलेलं बाहेर पडतं. उलट ऑस्करसारख्या जठर असलेल्या मोठ्या मांसाहारी माशाला दिवसातून एकदा, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही, हे उत्तम चालतं. ज्यांच्याकडे खिशातला लहान वजनकाटा आहे त्यांनी एकदा वजन करून आपल्या चमच्यात किती बसतं ते पाहावं. चहाचा सपाट चमचाभर दाणे साधारण दोन ग्रॅम भरतात. दोन फुटी टाकीतल्या डझनभर गप्पींना एवढं एका दिवसात घातलं तर ते कितीतरी पट जास्त झालं.

जास्तीच्या खाद्याचं काय होतं, याचा हिशेब एकदा करून बघाच. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ ५६ लिटर भरते. वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ५० लिटरच्या आत. न खाल्लेल्या एक ग्रॅम दाण्यात ४० टक्के प्रथिनं धरली तर ४०० मिलिग्रॅम, आणि प्रथिनांत नायट्रोजन १६ टक्के, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. तो सगळा कुजून अमोनियात गेला तर ५० लिटरमध्ये लिटरमागे सव्वा मिलिग्रॅमहून जास्त होतो. मासे अस्वस्थ व्हायला पाव ते अर्धा पुरतो. जुना, मुरलेला फिल्टर हे रिचवतो. नव्या किंवा नुकत्याच धुतलेल्या फिल्टरला ते जमत नाही. मग अमोनियाने मासे खायचं सोडतात, माणूस चिंतेने आणखी घालतो, आणि चाक फिरत राहतं.

उपाय फुकट आहे: दोन दिवस पूर्ण उपास. निरोगी मोठ्या माशाला आठवडाभर उपास सहज झेपतो. फक्त पिल्लांना आणि आधीच खंगलेल्यांना तो लावू नका. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या एक-चतुर्थांश खाद्य टाका. दोन मिनिटांत जे संपलं तेवढंच त्यांचं माप. उरलेलं जाळीने किंवा सायफनने लगेच काढा.

चवथीला चार-पाच दिवस गावच्या घरी जाणार असाल तर शेजाऱ्याला डबा देऊ नका. एकतर काहीच न घालता जा, किंवा कागदाच्या छोट्या पुड्या बांधून दर पुडीवर वार लिहा आणि डबा कपाटात कुलूपबंद करा. टाकीत विरघळणारे ‘सुट्टीचे ठोकळे’ मिळतात. लहान टाकीत ते पाणी हमखास गढूळ करतात, म्हणून माझा त्यांना पूर्ण विरोध आहे.

घरातलं उरलंसुरलं अन्न हाही याच तपासणीचा भाग. पाव, पोळी, भात गोल्डफिशच्या पोटात फुगतं आणि पोषण शून्य. खारवलेली सुकी मासळी नको. ताज्या सुंगटांचे (कोळंबीचे) बारीक तुकडे मांसाहारी माशांना अधूनमधून छान, पण बर्फात पुरलेली, वास मारणारी नकोत आणि फक्त तेवढ्यावर मासा ठेवू नका. काही कच्च्या मासळीत आणि शिंपल्यांत थायामिनेज हे विकर असतं. तेच सतत घातलं तर ब१ जीवनसत्त्वाची कमतरता होते. बीफचं काळीज घालायची पद्धत जुनी आहे, पण सस्तन प्राण्याची चरबी माशाला पचत नाही, यकृतात साठते.

तिसरी तपासणी: दाण्याचा आकार, आणि तो पोचतो कुणाला

दाणा माशाच्या डोळ्याएवढा किंवा त्याहून लहान असावा. फायटर आणि टेट्रा यांच्या मालकांनी हे आधी बघावं. कित्येकदा दाणा चिरडून घातला की प्रश्न संपतो.

तोंडाची ठेवण पाहा. गप्पी आणि फायटर यांचं तोंड वर वळलेलं, ते पृष्ठभागावर खातात. कॉरीडोरस आणि सकर (काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा मासा) यांचं खाली, त्यांना बुडणारा दाणा हवा, तोही दिवे मालवल्यावर, कारण दिवसा वरचे मासे काही उरूच देत नाहीत. सकरला शेवाळावर सोडून देणं ही सार्वत्रिक चूक. त्याला काकडी किंवा दुधीची चकती काट्याला अडकवून रात्री टाका, सकाळी काढा.

ओरांडा, रांचू अशा गोल अंगाच्या गोल्डफिशला तरंगणारा कोरडा दाणा शक्यतो देऊच नये. वर येऊन खाताना तो हवा गिळतो, पोटात दाणा फुगतो आणि दाबलेल्या जागेत वाताशयाचा (तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीचा) तोल जातो. खाल्ल्यावर मासा उलटा तरंगतो ते बहुतेकदा यामुळे. बुडणारा दाणा घ्या आणि तोही टाकीच्या पाण्यात पाच-सात मिनिटं भिजवून घाला.

एकच मासा उपाशी असेल तर खाद्य टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी टाका. दादागिरी करणारा एका वेळी एकीकडेच असू शकतो. तरी जमत नसेल तर भेकड माशाला जाळीच्या कप्प्यात वेगळं करून खाऊ घाला.

चौथी तपासणी: पाणी

इथून थोडा खर्च आहे. थर्मामीटर आणि अमोनिया, नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष), पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचा आकडा) यांचं थेंबांचं टेस्ट किट. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. पट्टीची बाटली एकदा उघडली की पावसाळी हवेत ती लवकर खोटं बोलायला लागते.

आधी तापमान. बहुतेक उष्णकटिबंधीय मासे २४ ते २८ अंशांत बरे खातात. एप्रिल-मे मध्ये बंद फ्लॅटमधली टाकी ३२ पर्यंत जाते. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना सव्वासात, आणि नेमका गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळचं खाद्य दिवे लागल्यावर तासा-दोन तासांनी द्या. पाण्यावर पंखा मारला की बाष्पीभवनाने ते थंड होतं, पण आपल्या दमट हवेत फरक जेमतेम एक-दोन अंशांचा पडतो. त्यापेक्षा एअर स्टोन वाढवा आणि खाद्य निम्म्यावर आणा.

उलट बाजू डिसेंबर-जानेवारीत दिसते. सत्तरी, सांगे या गोव्याच्या आतल्या भागांत रात्री गारवा उतरतो, आणि खिडकीजवळच्या टाकीचं पाणी दिवसा-रात्री चार-पाच अंशांनी हलतं. थंड पाण्यात पचन मंदावतं. लिटरमागे एक वॅट या हिशेबाने ५० वॅटचा हीटर दोन फुटी टाकीला पुरतो. डिस्कस असेल तर त्याला २८ ते ३० अंश लागतात, तिथे हीटरला पर्याय नाही.

मग अमोनिया. आकडा शून्य हवा. लिटरमागे पाव मिलिग्रॅम आला की खाद्य बंद आणि तीस टक्के पाणी बदला, पण पीएच सहाच्या आसपास असेल तर आधी पाचवी तपासणी वाचा. नायट्राइटही शून्य हवं. नळाचं पाणी गोव्यातल्या ओपा, अस्नोडा की साळावली अशा कुठल्याही जलशुद्धीकरण प्रकल्पाचं असो, त्यात क्लोरीन असतोच. बादलीत अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला, मगच टाकीत ओता. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणं हे अमोनिया वाढण्याचं दुसरं मोठं कारण. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

वीज गेली की फिल्टरमधले जिवाणू ऑक्सिजनवाचून काही तासांत मरू लागतात. बंद डब्याचा कॅनिस्टर असेल तर दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद राहिल्यावर तो तसाच सुरू करू नका. आतलं सडलेलं पाणी आधी फेकून द्या. वीज नसताना आणि त्यानंतर दिवसभर खाद्य घालायचं नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप पावसाळ्याआधी घेऊन ठेवा, वीज गेल्यावर दुकान शोधत फिरण्यात अर्थ नाही.

पाचवी तपासणी: पीएच, विशेषतः विहिरीच्या पाण्यावरच्या टाक्या

जांभ्या दगडाच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ (क्षार कमी असलेलं) आणि किंचित आम्लधर्मी असतं. पावसाळ्यात विहीर काठापर्यंत येते तेव्हा ते आणखी मऊ. अशा पाण्यात आम्लाला थोपवणारी कार्बोनेटं कमी असतात. टाकीतले जिवाणू अमोनिया रिचवताना आम्ल तयार करतात आणि पीएच हळूहळू घसरतो. सहाच्या खाली गेला की ते जिवाणूच थंडावतात. मोली आणि गप्पी हे कठीण पाण्याचे मासे इथे खाणं सोडतात, एका जागी डुलत राहतात.

घरात सापडणारा उपाय आहे: तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) रिकाम्या कवच्या. ब्रशने घासा, अर्धा तास उकळा, वाळवा, जाळीच्या पिशवीत मूठभर भरून फिल्टरच्या प्रवाहात ठेवा. त्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात, पाणी आम्ल झालं तरच हळूहळू विरघळतात आणि पीएच सावकाश वर धरतात. निऑन टेट्रा, डिस्कस अशा मऊ पाण्यातल्या माशांच्या टाकीत मात्र टाकू नका.

इथे एक धोका आहे आणि त्यात जिवंत टाकी एका संध्याकाळी मरते. आम्ल पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पीएच एकने वाढला की विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणजे पीएच सहा आणि अमोनिया भरपूर अशा टाकीत कुणी घाईने अर्ध्याहून जास्त नळाचं किंवा टँकरचं पाणी ओतलं, तर तोच अमोनिया क्षणात विषारी होतो. असे आकडे आले तर रोज पंधरा-वीस टक्केच बदला, खाद्य बंद ठेवा, पीएच दिवसाला अर्ध्यापेक्षा जास्त हलू देऊ नका.

सहावी तपासणी: पोट

खाद्य, माप, पाणी सगळं ठीक निघालं आणि मासा फुगलेला पण खवले बसलेले असतील तर बद्धकोष्ठ. गोल्डफिशला तीन दिवस उपास. चौथ्या दिवशी वाटाणा उकडून, साल काढून, बोटांत चुरडून द्या. फायटरला वाटाणा देण्याची पद्धत पसरली आहे ती चुकीची. तो कीटक खाणारा मासा आहे, त्याला डॅफ्निया (पाण्यातला इवलासा कवचाचा जीव) द्या, तिच्या कवचाने पोट साफ होतं. एवढ्यानेही फरक नाही तर वेगळ्या भांड्यात २० लिटरला एक चहाचा चमचा एप्सम सॉल्ट विरघळवून मासा दोन-तीन दिवस ठेवा. मेडिकलमध्ये मिळणारं मॅग्नेशियम सल्फेटच हवं, जेवणातलं मीठ हा त्याला पर्याय नव्हे.

फक्त जिवंत खाद्यावर वाढलेला मासा दाणा ओळखतच नाही, हेही इथेच बघा. फ्रोझन ब्लडवर्म चहाच्या गाळण्यात वितळवून धुवा, त्याच्या रसात दाणे भिजवा आणि दोन्ही एकत्र टाका. दर दोन दिवसांनी अळ्या कमी, दाणे जास्त. हट्टी मांसाहारी माशाला दोन आठवडे लागतात. ज्यांना ब्लडवर्मने हाताला खाज येते त्यांनी हातमोजे घालावेत, ही अ‍ॅलर्जी खरी आहे. गटारांच्या कडेला पकडलेला जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले लाल किडे) टाकीत आणू नका. डासांच्या अळ्या पौष्टिक असतात, पण त्यासाठी अंगणात बादली उघडी ठेवणं म्हणजे घरात डेंग्यू पाळणं.

सातवी तपासणी: परजीवी

पाठीची कडा धारदार, पोट आत गेलेलं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, आणि मासा खायला येतो पण थुंकतो, असं सगळं एकत्र दिसलं तर आतड्यातले परजीवी धरून चाला. गप्पी-मोलीच्या गुदद्वारातून लाल केसासारखे धागे बाहेर डोकावत असतील, आणि मासा हलला की ते आत ओढले जात असतील, तर ते कॅमॅलॅनस जंत. भिंग घेऊन बघा, चुकायची शक्यता नाही.

आजारी मासा वेगळ्या टाकीत काढा: २० लिटर, स्पंज फिल्टर, तळ उघडा, म्हणजे विष्ठा दिसते. जाळी आणि पाइप वेगळे. इथपर्यंत तुमचं काम. मेट्रोनिडॅझोल, लेव्हामिझोल अशी नावं सगळ्यांना माहीत झाली आहेत, पण डोस माशाच्या जातीवर, वजनावर आणि औषध पाण्यात की खाद्यात यावर ठरतो. माणसांच्या गोळ्या चुरडून टाकीत टाकणं थांबवा. अँटिबायोटिक तर नाहीच.

कुठे थांबायचं

खवले उभे राहिले असतील. डोळे बाहेर आले असतील. चोवीस तासांत एकाहून जास्त मासे मेले असतील. अंगावर जखमा किंवा कापसासारखा थर असेल. जंत दिसले असतील. किंवा वरचं सगळं करून आठवड्यानंतरही मासा खात नसेल, तर घरगुती उपाय बंद करा.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करा आणि मासे तपासतात का ते विचारा, कारण सगळेच पशुवैद्य तपासत नाहीत. पणजीचं मत्स्योद्योग खातं आणि जुने गोवे इथली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था ही विचारायची पुढची ठिकाणं. संस्थेत मत्स्यविज्ञानाचे शास्त्रज्ञ आहेत. डिस्कस, कोई असे महागडे मासे किंवा पैदाशीच्या टाक्या असतील तर आठवडाभर वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी विचारा.

जाताना टाकीतलं अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून न्या. मासा खाताना आणि पोहताना मिनिटभराचा व्हिडिओ, खाद्याच्या पाकिटाचा पुढचा-मागचा फोटो, आणि एका कागदावर टाकीचे लिटर, माशांची संख्या, तापमान, पीएच, अमोनिया, पाणी शेवटचं कधी बदललं आणि आतापर्यंत कुठलं औषध किती घातलं ते लिहा. औषधाचं लपवू नका, त्यावरच पुढचा डोस ठरतो. मासा नुकताच मेला असेल तर ओल्या टिश्यूत गुंडाळून पिशवीत, बर्फावर न्या. फ्रीजरमध्ये गोठवलात तर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही कळत नाही. औषध घातलेलं पाणी आणि नकोसे झालेले मासे तळीत, ओहोळात किंवा शेताच्या पाटात सोडायचे नाहीत. सकर आणि फ्लॉवरहॉर्न तिथेही तग धरतात.